तोलून दिलेलं

४ जानेवारी

ती. वहिनी, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकाल. चार वर्षांत तुमच्या दारात माझा कागद आला नाही. दुकानातला फोन दादाच उचलतो आणि माझा आवाज ऐकला की ठेवतो, तेव्हा पत्राशिवाय गत्यंतर नाही.

काम ऑफिसचं आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे मी मऊ पडलो असं त्याला वाटायला नको. आमचा इंग्रजी-मराठी कोश रांगत रांगत ‘ई’ या अक्षरापर्यंत आलाय. नऊ वर्षांत चार अक्षरं झाली. दादा म्हणायचा ते खरंच आहे, आमच्यापुढे गोगलगायही तरणीताठी. तर सध्या माझ्या टेबलावर ‘एक्स्पेन्स’ हा शब्द आलाय. आपण उठता बसता वापरतो तोच, म्हणजे खर्च. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ आहे ‘तोलून बाहेर देणं’. नाणी पाडायच्या आधी जुने रोमन लोक धातूचे तुकडे तराजूत घालून द्यायचे, तेच देणं. ‘स्पेंड’ आणि ‘पेन्शन’ हे याच घरातले. वाचलं तेव्हा आपलं दुकान डोळ्यांपुढे आलं. आढ्याला टांगलेल्या दांड्या, खाली पारड्यांचा ढीग आणि त्यात बसून दादा कानस चालवतोय.

आमच्या मुख्य संपादकांचा एक नियम आहे. पुस्तकात बघून अर्थ लिहायचा नाही, ज्याचा धंदा त्याला विचारायचं. सुताराचा शब्द सुताराकडे, शिंप्याचा शिंप्याकडे. तो जे बोलेल ते वाक्य चिठ्ठीवर जसंच्या तसं उतरवायचं आणि खाली त्याचा धंदा आणि वय लिहायचं. तेव्हा दादाला विचारा, तोलून देणं म्हणजे नेमकं काय काय करणं? देणाऱ्याच्या हाताला काय कळतं?

त्यानं ‘बोलावल्याशिवाय या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस’ असं सांगितलं होतं. मी ते पाळतोय. पत्राला पाय नसतात.

तुमचा,
धाकटा दीर


१२ जानेवारी

भाऊजी, आशीर्वाद.

तुमच्या एवढ्या मोठ्या शहरात तराजूवाले संपले का हो? एका शब्दासाठी एका दिवसाच्या प्रवासावर पत्र पाठवलंत. मी काय ओळखायचं ते ओळखलं. बरं वाटलं, एवढंच लिहिते.

पत्र मी दुकानातच मोठ्यानं वाचलं. ह्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. कानस मात्र थांबली होती. मग म्हणाले, “रोमन लोक बरे होते, कोश लिहीत बसले नाहीत.” चहा झाला. एक भाजीवाली काटा घेऊन आली, ती गेली. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले, घे लिहून. त्यांच्याच शब्दांत देते:

“पंडिताला सांग. द्यायच्या आधी रिकामा तराजू उचलून दाखवायचा. गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे की दोन्ही पारडी सारखी आहेत. ज्याचा तराजू रिकामा असतानाच झुकतो त्याच्याशी बोलणं खुंटलं. मग वजन ठेवायचं, मग माल. शेवटचा माल चिमटीनं सोडायचा, मूठ आपटायची नाही. आणि सोडला की हात लगेच मागे. हात पारड्याशी रेंगाळला तर समजावं, द्यायचं मन झालेलं नाही.”

मी विचारलं, अजून काही सांगायचंय? म्हणाले, “फुकटात एवढं पुरे.” पण मी पाकीट आणायला निघाले तेव्हा विचारलं, त्याचा चष्मा बदलला का गं? तुमच्या अक्षरावरून त्यांना वाटलं, नजर अधू झालीय.

त्यांचा उजवा हात अधूनमधून बधिर होतो. डॉक्टरांनी दोनदा बोलावलंय, हे जात नाहीत. म्हणतात, हात त्यांचा आहे का माझा. तुम्ही काळजी करू नका, मी मागे लागलेय.

वहिनी


२१ जानेवारी

ती. वहिनी, नमस्कार.

पत्र चार वेळा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, लॉटरी लागली का. शब्दन् शब्द दादाचा आहे. कुठेही ‘बहुधा’ नाही, ‘असेल कदाचित’ नाही. जन्मात हा माणूस कधी कशाबद्दल साशंक नव्हता, मग ते बरोबर असो की चूक. त्याचं वाक्य मी चिठ्ठीवर उतरवलं आणि खाली लिहिलं, ‘तराजू दुरुस्त करणारे, वय एकसष्ट’. संपादकांनी वाचून टेबलावर बोट वाजवलं. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी नाही.

आणखी दोन गोष्टी विचारा. एक, तोलून दिल्यावर मागे काय राहतं? दुसरं, तराजू केव्हा बिघडला म्हणायचा? आणि त्याला सांगा, त्याच लॅटिन मुळातून फ्रेंच लोकांनी ‘विचार करणं’ हा शब्द काढला. विचार करणं म्हणजे मनात तोलून बघणं. आपणही तोलूनमापून बोलणं म्हणतोच की.

वहिनी, त्या दिवशी दादा तोलूनमापून बोलला नाही. मीही चुकलो होतो, नाही म्हणत नाही. आईच्या शेवटच्या आजारात त्यानं तीनदा फोन केला आणि मी ‘डी’ची शेवटची प्रुफं हातावेगळी करून निघतो म्हणत राहिलो. पोचलो तेव्हा आई जाऊन चार दिवस उलटले होते. त्यानं सगळ्यांदेखत म्हटलं, “तुझा अख्खा कोश आईच्या पासंगालाही पुरणार नाही.” ते मला लागलं, कारण ते खरं होतं. पण खरं बोललं म्हणून काय झालं, धाकट्या भावाला दारातून परत पाठवायचं? आईला शेवटचं बघू न शकलेला मुलगा कुठे जाऊन रडेल, एवढं तरी बघायचं होतं.

असो. चष्मा बदललाय असं सांगा त्याला. नंबर वाढला.

तुमचा,
धाकटा दीर


१९ फेब्रुवारी

भाऊजी, आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला. घरात आजारपण होतं. आता ठीक चाललंय, म्हणजे चाललंय. दुकान सकाळचं तेवढं उघडते, दुपारी बंद. शेजारचे घड्याळवाले मदतीला असतात.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं खाली देते.

“तोलून दिलं की माल जातो आणि वजन आपल्याकडे राहतं. बहुतेक म्हणूनच देणाऱ्याला लगेच काही गेल्यासारखं वाटत नाही. वजन उचलून बघावं तर हाताला तेवढंच भरतं. मागाहून कधीतरी फळीवरची जागा रिकामी दिसते, तेव्हा कळतं किती गेलं ते.”

“तराजू खोटा होतो तसा आळशीही होतो. दांडी ज्या पोलादी धारेवर टेकते ती धार झिजली की थोडंथोडकं टाकलेलं त्याला जाणवतच नाही. दोन दाणे टाका, चार टाका, तो आपला सरळ. लोकांना वाटतं सगळं बरोबर आहे. असा तराजू खोट्यापेक्षा वाईट, कारण खोटा निदान झुकतो तरी.”

हे तुमच्या चिठ्ठीला चालेल का, ते मला कळत नाही.

आता माझं ऐका. तुम्ही या. दोन दिवसांसाठी या. मी सांगते म्हणून या. उंबरा माझाही आहे.

वहिनी


२६ फेब्रुवारी

ती. वहिनी, नमस्कार.

काय लिहून पाठवलंत हे. आळशी तराजूचा मजकूर मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवला. संपादक म्हणाले, तुमचे बंधू आमच्याकडे का नाहीत. मला इतका अभिमान वाटला की जिन्यात जाऊन उभा राहिलो. दादा किती बदललाय. केवढा मवाळ झालाय. वयानं माणूस खाली बसतो म्हणतात ते खरं असावं. पहिल्या पत्रात अंगावर येत होता, या पत्रात जवळ बसून बोलतोय. चिठ्ठी झाली, खाली त्याचंच नाव, म्हणजे धंदा आणि वय.

आजारपण तुमचं होतं का? तुम्ही स्वतःबद्दल कधी लिहीत नाही. जपा. औषधं वेळेवर घ्या, दादाला स्वयंपाकाला लावा, हात बधिर असला तरी भाकरी नाही तर भात येतो त्याला.

येण्याबद्दल. तुमच्या शब्दाला मी कधी नाही म्हटलेलं नाही, पण हे त्यानं म्हणायला हवं. उंबरा तुमचाही आहे, पण हाकलणारा तो होता. माझा हट्ट म्हणा. एकच ओळ पुरे, ‘ये’ एवढी. तुमच्या अक्षरात चालेल, पण शब्द त्याचा हवा. ती ओळ आली की मिळेल ती गाडी पकडतो. महिनाअखेर ‘ई’ छपाईला जायचंय, तेही टाकून निघेन.

आणि खरं सांगू का, मी या शब्दासाठी तुम्हाला लिहिलंच नव्हतं. तराजूवाले आमच्या गल्लीत दोन आहेत. मला दादा हवा होता.

तुमचा,
धाकटा दीर


६ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून दाखवलं, सावकाश आणि दोनदा. तुमच्या प्रश्नाला उत्तर मला देता येत नाही.

तरी या. ओळीची वाट बघू नका. मागे एकदा प्रुफं झाल्यावर निघतो म्हणालात, तेव्हा काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. याहून जास्त मला लिहिता येणार नाही. शपथ आहे असं समजा.

वहिनी


१४ मार्च

ती. वहिनी, नमस्कार.

उत्तर देता येत नाही म्हणजे काय ते मला कळलं. दोनदा वाचून दाखवल्यावरही त्यानं ‘ये’ म्हटलं नाही. आणि वर आईची आठवण करून दिलीत. तुमच्याकडून ती अपेक्षा नव्हती, वहिनी. चार वर्षं तो एकटाच मला बोल लावत होता, आता तुम्हीही.

शब्दाचं पान सोबत पाठवतोय. छपाईला गेलं. दादाचे तिन्ही उतारे जसेच्या तसे आहेत. त्याला दाखवा, नको म्हणाला तर ठेवून द्या.

आता माझ्याकडून काही विचारणं नाही.


२९ मार्च

भाऊजी,

तुम्ही आलात आणि गेलात. हे गेल्यावर घड्याळवाल्यांनी तुमच्या ऑफिसात फोन केला, तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलात, तोवर सगळं आटोपलं होतं. दुकानाच्या पायरीवर घड्याळवाले तुमच्याशी बोलता बोलता म्हणाले, दोन महिने वाचा गेली होती बिचाऱ्यांची. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खाली मान घातली. तुम्ही बॅग उचललीत आणि पाणीही न पिता निघून गेलात. मी हाक मारली नाही, कारण काय म्हणून मारू? आता लिहिते. फाडून टाकायचं तर वाचून मग फाडा.

२५ जानेवारीला सकाळी हे धार घासत होते. कानस हातातून पडली. उचलायला वाकले ते तसेच कलंडले. उजवी बाजू गेली. दोन दिवसांनी तुमचं पत्र आलं, चष्म्याचं. मी ते हॉस्पिटलात वाचून दाखवलं. तोंडातून दोन शब्द आले, फार कष्टानं: “पंडिताला नको.” मग काही आलंच नाही, शेवटपर्यंत. मी अर्थ घेतला तो असा, की पंडिताला कळवू नकोस. तुम्हाला तुमचे दादा ठाऊक आहेत. कीव करून कोणी आलेलं त्यांना खपलं नसतं. तुम्ही आपणहून यावं अशी त्यांची इच्छा होती आणि तुम्हाला त्यांनी बोलवावं अशी तुमची. मी मध्ये.

१९ फेब्रुवारीची उत्तरं माझी होती. तुमचे प्रश्न पडून राहिले असते तर तुम्हाला संशय आला असता, आणि पत्रं थांबली असती तर त्यांच्याकडे ऐकायला काही उरलं नसतं. तुमचं पत्र वाचताना त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलायची नाही. एकतीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून धारा घासल्यात, वजनांच्या पोटात शिसं भरलंय. धंद्याचं जे लिहिलं ते मलाही माहीत होतं, त्यांच्या तोंडी घालताना मला चोरी वाटली नाही.

मग तुम्ही ‘ये’ मागितलंत.

ते पत्र वाचलं तेव्हा त्यांनी डावा हात उचलला आणि गादीवर दोनदा आपटला. मी विचारलं, बोलावू? पुन्हा दोनदा. मी विचारलं, नको? तरी दोनदा. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. या माणसाचं खोकणंसुद्धा मला कळायचं, चहा हवाय की नुसतं खोकताहेत ते. त्या दोन थापांचा अर्थ मात्र मला लागला नाही. ये ये म्हणाले, की नको नको म्हणाले, की मला बोलता येत नाही म्हणून रागावले.

मी ती ओळ लिहायला बसले होते. कागदावर ‘ये’ लिहिलंही. मग वाटलं, बाकी सगळं त्यांच्या नावानं खपवलं, हा एक शब्द तरी त्यांचाच असू दे. तुम्ही चार वर्षं ज्यासाठी थांबलात ते मी खोटं कसं देऊ. कागद फाडला आणि ते दुसरं पत्र लिहिलं, ज्याचा तुम्हाला राग आला.

आता रोज वाटतं, लिहिलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं? तुम्ही आठ तारखेला निघाला असतात, नऊला इथे असतात. ते अठराला गेले. नऊ दिवस मिळाले असते. मी खरेपणा सांभाळला आणि तुम्हा दोघांची भेट घालवली. हे कोणापुढे बोलता येत नाही. तुम्हालाच सांगावं लागतंय, आणि तुमचंच नुकसान केलंय.

तुमचं छापील पान सतरा तारखेला आलं. मी त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. वाचता आलं का, ते कळलं नाही.

वहिनी


९ एप्रिल

ती. वहिनी, नमस्कार.

खोटं बोलत नाही. पत्र आलं तेव्हा दोन दिवस तुमचा राग राग केला. एक अक्षर, वहिनी, एका अक्षराचा तो शब्द. तुम्ही लिहिला असता तर मी काय तपासायला बसणार होतो?

तिसऱ्या दिवशी सगळी पत्रं टेबलावर मांडली आणि माझं मलाच उत्तर मिळालं. मी तपासणारच माणूस आहे. कोशाच्या आधीपासून, वीस वर्षं तेच करतोय. कोणाचं वाक्य कोणाचं हे मी दोन ओळींत ओळखतो असं ऑफिसात सांगतात. मीच तुम्हाला लिहिलं होतं की दादा जन्मात कधी ‘बहुधा’ म्हणाला नाही. आणि त्याच्या पुढच्याच पत्रात पहिल्या उताऱ्यात ‘बहुतेक’ आहे. ते मी माझ्या हातानं चिठ्ठीवर उतरवलं, प्रुफात तीनदा वाचलं, आणि खुशाल म्हटलं, दादा मवाळ झाला. सख्ख्या भावाचा आवाज बंद झाला आणि शब्दांचं खाणाऱ्या मला ते कळलं नाही. कारण मला कळून घ्यायचंच नव्हतं. दादा माझ्याशी गोड बोलतोय, यावरच मी खूष होतो.

तुम्ही ‘या’ म्हणून दोनदा लिहिलंत, आणि दोन्ही वेळा ते खरं होतं. मी तुमचं खरं बाजूला ठेवून त्याच्या शब्दासाठी अडून बसलो. तेव्हा भेट तुम्ही घालवली नाही. हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही.

संपादकांना सगळं सांगितलं. पान छापून झालंय, बदलता येत नाही. शुद्धिपत्रात एक ओळ घालायला लावली, की दुसऱ्या आणि तिसऱ्या उताऱ्याखाली ‘तराजू दुरुस्त करणाऱ्या, वय चोपन्न’ असं वाचावं. वय चुकलं असेल तर कळवा.

त्या दोन थापांचा अर्थ तुम्ही विचारला नाहीत, पण मला कळतंय, विचारायचा होता. मला लावता येत नाही, वहिनी. शब्द कुठून आला हे शोधायला कुठेतरी लिहिलेलं सापडावं लागतं. हे फक्त तुम्ही पाहिलंत, आणि तुम्हालाही कळलं नाही. मी रात्रंदिवस एकदा हो धरतो आणि एकदा नाही. हो म्हणाला असेल तर मी आलो नाही हे सहन होत नाही. नाही म्हणाला असेल तर तेही होत नाही. आता हे असंच राहणार आणि मी ते घेऊनच जगणार.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघतोय. संध्याकाळपर्यंत पोचेन. तुम्ही या म्हणून लिहू नका, तुमचं पत्र यायच्या आत मी निघालेला असेन. मला कोणी बोलावलेलं नाही. चार वर्षांपूर्वी असंच निघायला हवं होतं.

तुमचा,
धाकटा दीर